मिठाचं पाणी

"भट्टीच्या भिंतीवर आधी मिठाचं पाणी मार गं, नाहीतर पाव निखाऱ्यांत पडेल," बेकरीवाल्या नानूलीआजींनी बजावलं होतं. नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशात, तिबिलिसीत आलेल्या आणि आजींकडे पाव भाजायला शिकणाऱ्या शर्वरीनं ते हसण्यावारी नेलं आणि तिचा पहिला शोती पाव जळून कोळसा झाला.

मग एकदा आजींचा हात मोडला. खिडकीशी गिऱ्हाइकांची रांग लागलेली. तान्ह्या लेकीला आजींच्या मांडीवर देऊन शर्वरीनं पाणी शिंपडलं, मातीच्या भट्टीत कमरेपर्यंत वाकून पिठाची लांबट होडी भिंतीवर थापली. ती चिकटली.

"माझ्या सुनेनं भाजलाय," आजी रांगेला म्हणाल्या, "नावं ठेवाल तर उपाशी राहाल." शर्वरीची मान ताठ झाली.

आता ती साताऱ्यात परतलीय. आजी फोनवर ‘बरी आहे’ एवढंच सांगतात. तुम्ही तिकडे गेलात, तर त्यांचा हात तेवढा बघून याल का?