जावयानं सरळ केलेली जीप

सकाळी साडेआठला डोंगरकडा गावच्या सटवाजींची जीप उताराच्या अंगणात पहिल्यांदाच सरळ उभी दिसली. पहिल्यांदा राहायला आलेले जावई रत्नपाल यांनी पहाटेपासून खपून, बाभळीच्या फळ्या ठोकून पुढच्या दोन्ही चाकांखाली उंचवटे रचले होते आणि गाडी घसरू नये म्हणून समोर आडवी फळीही ठोकली होती.

"मामा, टपावर पाण्यानं भरली परात ठेवा, थेंब सांडणार न्हाई!" ते सासऱ्यांना म्हणाले.

सटवाजींना घाम फुटला. जीपचा स्टार्टर दोन वर्षांपासून बंद होता. रोज ब्रेक सोडला की गाडी उतारावरून घरंगळायची आणि तशीच चालू व्हायची. आखाडा बाळापूरला भाचीचा साखरपुडा दहा वाजता होता.

"सांगा की त्यायला," नवं लुगडं नेसलेल्या त्यांच्या बायको कमलबाई कुजबुजल्या.

"जावयाचं काम जावयासमोर मोडू व्हय?" असं दबक्या आवाजात म्हणून सटवाजींनी रत्नपालांची पाठ थोपटली. "बराबर काम झालं, जावईबापू! आता हिला हलवू वाटून न्हाई राहिलं. आमी एसटीनंच जातो."

एसटी सुटली तोच लेकीचा, राणीचा फोन आला.



"बाबा, तुमी लई कौतुक केलं. हे आता आपल्या उतारावरच्या ट्रॅक्टरचं बी माप घेऊन राहिले!"