प्रमुख उपस्थिती

परभणीतल्या त्या वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेला गेल्या साली श्रोता म्हणून फक्त माईकवाला बसला होता, तोही वायर गुंडाळायची होती म्हणून. त्यामुळे यंदा अध्यक्ष रायभानराव ग्रंथपाल महारुद्रला म्हणाले, "औंदा एक जरी खुर्ची रिकामी दिसली, तर व्याख्यानमाला कायमची बंद. मग बस तू पुस्तकं झटकत."

महारुद्रचा या व्याख्यानमालेवर लय जीव. पत्रिकेत आपलं नाव छापलं की माणूस भर उन्हातही कडक इस्त्री करून येतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं सगळ्याच्या सगळ्या सभासदांची नावं 'प्रमुख उपस्थिती'खाली छापून टाकली.

झाडून सगळे आले. आले ते सरळ स्टेजवर चढले, कारण प्रमुख उपस्थितीनं खाली बसायचं कसं? महारुद्र हॉलमधल्या खुर्च्या उचलून वर देत राहिला. मग वरच्यांनीच वरच्यांना शाली पांघरल्या आणि प्रत्येकानं आपापले 'दोनच शब्द' सावकाश बोलून घेतले. खाली एकच खुर्ची उरली होती, तिच्यावरही एक बाई बसलेल्या होत्या. रिकामी खुर्ची औषधालाही सापडेना.

रायभानराव खूश झाले. पाणी द्यायला वर आलेल्या महारुद्रला हळूच म्हणाले, "चालू ठेव तुझी व्याख्यानमाला. ती खाली बसलेली बाई बघ, किती मन लावून ऐकायलीय. कोण हाय ती?"



"गंगाखेडहून आलेल्या व्याख्यात्या हायत, साहेब."