आठ ते नऊ

आज अण्णांसाठी आपलाच नियम मोडायचा, असं शर्वरीने ठरवलं. सासऱ्यांच्या आवडीचा क्रिकेटचा सामना ऐन आठला रंगणार होता, आणि आठ ते नऊ घरातल्या सगळ्या फोनचं नेट बंद, हा नियम राउटरमध्ये तिनेच घातलेला. सगळ्यांनी एकत्र जेवावं, एवढाच हेतू. घरात मोबाइलला रेंज नावालाही नव्हती, त्यामुळे वाय-फाय गेलं की सगळेच हतबल. लेक दोन दिवस रुसली होती. अण्णांनी तर ‘आणीबाणी आली’ म्हणून बोंब ठोकली होती. तेव्हापासून आठ वाजले की सगळे कुरकुरत जेवायला येत.

तिने राउटरची सेटिंग्ज उघडली आणि बघतच राहिली. नियम तिथे नव्हताच. मागच्या महिन्यात वीज पडून जुना राउटर जळला, केबलवाल्याने नवा बसवला, आणि त्यात नियम घालायचा ती साफ विसरली होती. म्हणजे महिनाभर नेट एकदाही बंद झालं नव्हतं!

आठ वाजले. “गेलं एकदाचं नेट,” म्हणत लेक आली. नवरा ताटं घेऊ लागला. पाठोपाठ अण्णा आले. “सामन्याच्या दिवशीसुद्धा? जुलूम आहे हा, सूनबाई!” असं म्हणून ते बसले, तोच त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून समालोचक ओरडला, “चौकार!”

लेकीने ओठ दाबून हसू आवरलं. अण्णांनी खिसा घट्ट धरला.

शर्वरीने त्यांच्या भातावर आमटी वाढली. “नऊला सुरू होईल हं, अण्णा,” ती म्हणाली. “तोवर सावकाश जेवा.”