ना-हरकत

कमळताईंनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या नाहीत. त्या तशाच आत आल्या आणि पाहुण्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. हरेश्वरच्या घरात पोह्यांच्या बशा नुकत्याच फिरल्या होत्या. त्याची मुलगी प्राप्ती अबोली रंगाची साडी नेसून पाटावर बसली होती. समोर काशीदच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष बुधाजी, त्यांची पत्नी आणि मुलगा निकेत.

"म्हणजे अफवा खरी होती," कमळताई म्हणाल्या.

नागावच्या मुलींचा कबड्डी संघ त्यांनी बावीस वर्षांपूर्वी उभा केला होता, आणि प्राप्ती ही त्या संघाची एकमेव भरवशाची चढाईपटू होती. पावसाळ्यात मैदानांचा चिखल होतो, खेळ थांबतो आणि संघबदलाच्या वार्तांना ऊत येतो. यंदाच्या सगळ्या वार्ता प्राप्तीच्याच होत्या. कोणी तिला काशीदच्या मॅटवर सराव करताना पाहिले होते. कोणी तिच्या फोटोवर काशीदची निळी जर्सी चढवून तो मोबाइलवर फिरवला होता. तिला स्कूटर मिळाल्याचे एकाने स्कूटरच्या रंगासह कळवले होते. कमळताईंनी प्रत्येक वार्तेचे लेखी खंडन केले. मूळ संघाच्या चिटणीसाने ना-हरकत दिल्यावाचून खेळाडूला दुसऱ्या संघात जाता येत नाही, आणि चिटणीस त्या स्वतः होत्या. म्हणून त्या निर्धास्त होत्या. प्राप्तीला पाहायला काशीदची माणसे आली आहेत, असे शेजारच्या मनुबाईंनी आज दुपारी सांगितले, तेव्हा तो निर्धास्तपणा संपला.

"बस गो कमळताय," बुधाजी म्हणाले. "च्या घे. शुभकार्याला आलोय आमी."

"आषाढात? मुहूर्त भटजीने काढला की जिल्हा संघटनेने?"

निकेतला हसू आले. आईने त्याच्याकडे पाहताच ते मावळले.

बुधाजींनी काही लपवले नाही. लपवावे असे त्यात काही आहे, हेच त्यांना वाटत नव्हते. "मांडव दिवाळीनंतर घालू. आता देवळात हार घालायचे आनि नोंदणी करायची. संघबदलाची मुदत शुक्रवारी संपते."

त्यांनी आणलेल्या ताटात साडी होती, नारळ होता, हळदकुंकू होते, आणि नारळाखाली घडी घातलेला संघबदलाचा अर्ज होता. कमळताईंनी तो उचलला. घडीला हळद लागली होती.

"बुधाजीशेठ, ही सोयरीक नव्हे, ही चोरी आहे. तुम्हांला सून नको, चढाईपटू हवी आहे. उद्या हिचा गुडघा गेला की हिला घराबाहेर काढणार, की स्वयंपाकघरात राखीव खेळाडू म्हणून बसवणार?"

"जिभेला हाड न्हाय तुझ्या."

"या अर्जावर माझी सही होणार नाही."

"लागते कुठं तुजी सही?" बुधाजी शांतपणे म्हणाले. "लगीन झालेल्या पोरीला ना-हरकत लागत न्हाय. अकरावा नियम. तुझाच हाय."

ते खरे होते. पूर्वी माहेरचा संघ लग्न झालेल्या मुलीला सोडत नसे आणि सासरहून तिला माहेरी खेळायला कोणी पाठवत नसे. किती मुलींचा खेळ अक्षता पडल्या त्याच दिवशी संपला होता. त्याविरुद्ध कमळताई जिल्ह्याच्या तीन बैठकांत भांडल्या होत्या. नियमाचा मसुदा त्यांनी स्वतः लिहिला होता. मुलींना मोकळे करण्यासाठी पाडलेल्या वाटेने आज मुलगी पळवली जात होती, आणि पळवणारा त्यांनाच कलम सांगत होता. त्या हरेश्वरकडे वळल्या.

"हरेश्वर, तू बाप आहेस ना रे?"

"मी जबरदस्ती केली न्हाय ताई," हरेश्वर म्हणाला. "पोरगा बंदरात नोकरीला हाय. निर्व्यसनी हाय. अजून काय बघायचं?"

कमळताईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्या प्राप्तीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"प्राप्ती, वर बघ. बापाकडे नको, माझ्याकडे. तुला हे लग्न करायचं आहे का? नाही एवढंच म्हण. या सगळ्यांना मी आत्ता दाराबाहेर काढते."

"नाही," प्राप्ती म्हणाली.

बुधाजींच्या पत्नीने पदर सावरला. कमळताई विजयाने वळल्या. "ऐकलंत, शेठ? उचला ताट."

"ताई, माझं बोलणं संपलं नाही."

प्राप्ती पाटावरून उठली होती. तिचा आवाज चढला नव्हता; पण इतक्या वर्षांत कमळताईंनी तो असा कधी ऐकला नव्हता.

"हे स्थळ बाबांनी आणलं नाही. काशीदला निरोप मी धाडला. निकेतपासूनही मी काही लपवलेलं नाही. मी तेवीस वर्षांची आहे. आपला संघ दर वर्षी दुसऱ्या फेरीत हरतो आणि निवड समिती तिसऱ्या फेरीला येते. तिसऱ्या फेरीत खेळायचं म्हणून तीन वर्षं मी तुमच्याकडे अर्ज केला. पहिल्यांदा तुम्ही रडलात. दुसऱ्यांदा मला कृतघ्न म्हणालात. गेल्या वर्षी तर अर्ज न उघडताच परत दिलात."

तिने कमळताईंच्या हातातला अर्ज घेतला, उलगडला आणि चहाच्या कपांमध्ये जागा करून त्यांच्यासमोर ठेवला.

"आज चौथ्यांदा मागते. ना-हरकत द्या, मी लग्न करत नाही."