थांबलेला पंप

बोर्डीच्या दीपेशने आईच्या हौसेखातर घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती, जिवंत प्रवाळांची. रात्री पंप मंद करायचं काम आईचं. "पोरं निजली आता," म्हणत ती बटण फिरवायची. ती वारल्यावर ते काम त्याच्याकडे आलं, आणि रोज बटणावर हात ठेवताना तिचा आवाज आठवायचा.

२०१७च्या मे महिन्यात एका रात्री वीज गेली. पाणी थांबलं की प्रवाळं गुदमरतात, म्हणून तो अंधारातच टाकीकडे धावला.

पाण्याचा आवाज चालूच होता. संथ, आई ठेवायची तितकाच.

"निधी, तू ढवळतेयस का?"

"मी तर तुमच्या मागे उभी आहे," बायको म्हणाली.

त्याने पाण्यात हात घातला. आतून कुणीतरी त्याची बोटं अलगद बाजूला सारली.