मक्याचं पीठ

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच मास्तरांनी सांगून टाकलं, "डॉक्टर, डोस वाढवा. या झोपेच्या कॅप्सूलचा आता काडीचा उपयोग होत नाही."

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, म्हणजे माईंनी, मांडीवरची पर्स घट्ट धरली. नवरा हेच म्हणणार हे त्यांना घरून निघतानाच ठाऊक होतं.

डॉक्टर वयाने त्यांच्या लेकीसारखी. बाहेरच्या बाकांवर अजून निम्मं गाव बसलं होतं आणि तिचा चेहरा आत्ताच उतरला होता.

"मास्तर, दोनदा वाढवलाय. शरीर या औषधाला सरावतं. आज वाढवला की पुन्हा सरावेल, पुन्हा तुम्ही इथेच. हळूहळू कमी करू म्हटलं तर ऐकत नाही तुम्ही."

"कमी? अहो, मध्यरात्रीच जाग येते. घाम फुटतो, हात थरथरतात, दिवसभर चिडचिड. वाढवा बाई, हात जोडतो."

माईंना हसू आलं आणि त्याच दमात रागही आला. हात थरथरतात म्हणे! कालच या माणसाने आपल्या शिलाईच्या दुकानात पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवला होता. थरथर होती ती माईंच्या हातांना. महिन्याभरात दोन कप फोडले होते त्यांनी. पण साठी उलटल्यावर हात कुठे ऐकतात, आणि ज्याचं त्याचं रडगाणं डॉक्टरपुढे गायचं तर डॉक्टर पळूनच जाईल.

मुलगा गेला त्या वर्षी ही कॅप्सूल घरात आली. तरणाताठा मुलगा, भर दुपारी, रस्त्यावर. मास्तर खचले, माई मात्र खंबीर, असं सगळ्या नात्यागोत्यात बोललं गेलं. माई औषधांच्या दुकानातल्या नोकरीवर लगेच परत गेल्या. मास्तर रात्री दूध गरम करून त्यांच्या हातात देत. बायकोला तेवढाच आधार. दूध प्यायलं की माई झोपत त्या सकाळपर्यंत. कॅप्सूल घ्यायला मास्तर स्वयंपाकघरात जात. बायकोसमोर घ्यायची त्यांना लाज वाटते, हे ओळखून माईही कधी मागे गेल्या नाहीत.

पण दुकानात माईंनी काय काय पाहिलं होतं. वर्षानुवर्षं हेच औषध घेणारी माणसं आधी शब्द विसरत, मग तोल जाऊन पडत, मग खाटेला खिळत. मुलगा एका दुपारीत गेला होता. नवरा असा थोडा थोडा जाताना बघायची ताकद माईंमध्ये उरली नव्हती. म्हणून त्यांनी जे केलं ते केलं.

"डॉक्टर," माई म्हणाल्या, "यांना डोस वाढवून देऊ नका. मी एक उद्योग करून ठेवलाय."

"आता काय केलंस?" मास्तर वळले.

"कॅप्सूल उघडत होते. वर्षभर. दर महिन्याला आतली पूड थोडी कमी केली आणि मक्याचं पीठ भरलं. जुन्या दुकानात हाताने कॅप्सूल भरायचो आम्ही, ते कसब आहे. गेल्या महिन्यापासून आत नुसतं पीठच आहे."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

"माई, न विचारता? हे औषध असं सोडवताना माणसाला झटके येऊ शकतात!"

"म्हणून तर हळूहळू केलं. काय बोलायचं ते मला बोला. पण यांना काही झालं नाही. घाम नाही, काही नाही. हाडच चिवट. रात्रभर घोरतात हो, आणि इथे येऊन झोप नाही म्हणून सांगतात!"

"तुम्हाला काय माहीत रात्रभर घोरतात ते?"

"टक्क जागी असते मी. काळजी, दुसरं काय." माई थांबल्या. मग आवाज खाली आला. "आणि हल्ली तो डोळ्यांसमोर येतो. एवढी वर्षं नाही आला. आता रोज येतो, उशाशी बसतो. वाटतं कालच गेला."

एवढं बोलून माई रडायला लागल्या. लोकांसमोर त्या कधी रडल्या नव्हत्या. त्यांना स्वतःलाच ते विचित्र वाटलं. डॉक्टरने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"होतं असं. वर्षभर एकटीने ओझं वाहिलंत, आता मोकळं होऊ द्या." मग ती मास्तरांकडे वळली. "आणि मास्तर, तुम्ही सुटलात की! बायकोचे उपकार माना."

मास्तर पांढरेफटक पडले होते. त्यांनी माईंचा थरथरता हात दोन्ही हातांत घेतला.

"मी एकही कॅप्सूल घेतली नाही गं," ते म्हणाले. "पहिल्या रात्रीपासून सगळ्या तुझ्या दुधात घातल्या."