वॉल्ट्झची कणी

मुळशी धरणावरच्या बंगल्यात होमाई सकाळपासून पियानोवर वॉल्ट्झ घोटत होती; विलायती नाचाची, तीन मात्रांची अवघड धून. बोटं भरधाव पळत, सूर एकही चुकत नव्हता. तरी मुंबईच्या परीक्षकांनी तिला दोनदा नापास केलं होतं : "यात नाच नाही." परवा शेवटची संधी होती. त्यात मागच्या अंगणात तिघी बायका भात कांडू लागल्या. ती तणतणत बाहेर आली.

"बंद करा ते! माझा ताल जातो."

त्यांतल्या गोजराबाईनं मुसळ थांबवलं. "तुमचाबी ताल तीनचाच हाय की, बाईसाहेब. पर पयला घाव जड, मागचे दोन हलके पडाय पायजेत. तुमी तिन्ही सारखंच हाणताय. अशानं तांदळाची कणी व्हती."

होमाईनं बोटांनी तळहातावर एक जड, दोन हलके ठोके देऊन पाहिले. मग म्हणाली, "किती भात उरलाय?"

"झालंच. ह्यो शेवटचा."

"आणखी एक पोतं काढा. आणि पियानोच्या खिडकीखाली येऊन कांडा."